तत्त्व कळलं की झालं!

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला बाहेर काढायच्या आधी काउंटरवेट म्हणजे काय ते फटीतून समजावून सांगणारे, ते. टाकी भरून वाहायला लागली की वॉचमनला फ्लोट व्हॉल्व्हचं तत्त्व सांगत उभे राहणारे, ते. (मोटर चालूच असते.) ओळखलंत ना? प्रत्येक सोसायटीत एक असतोच. बिल्डर बहुधा पार्किंगबरोबरच देतो. आमच्या वाट्याला आलेले काका बी विंगमध्ये राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात, डिझाइन खात्यात, उभा जन्म काढून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गंगापूर रोडवरची आमची अख्खी सोसायटी त्यांच्या खात्यात कामाला आहे.

मागे काकूंच्या कुकरची शिट्टी होईना. मी सहज वाटीभर साखर परत करायला गेले होते, ती सापडले. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू कसा वर चढतो, हिमालयात बटाटे का शिजत नाहीत, सगळं ऐकलं. काकांचं सांगून होईतो काकूंनी रिंग बदलली होती, डाळ शिजली होती आणि तिला फोडणीसुद्धा बसली होती. वास आल्यावर काका विजयी मुद्रेने म्हणाले, ‘‘बघा! तत्त्व कळलं की झालं!’’

इथवरही चाललं असतं. पण सी विंगमधल्या एका मुलाला त्याच्या मामाने वाढदिवसाला होव्हरबोर्ड दिला आणि काकांच्या हाती खराटा आला.

होव्हरबोर्ड तुम्ही मॉलमध्ये पाहिला असेल. दोन्ही टोकांना दोन चाकं, मध्ये पाय ठेवायला दोन फळ्या. हँडल नाही, ब्रेक नाही, धरायला देवाचं नाव. पोरं पार्किंगमध्ये जमली, एकेक जण चढून धडाधड पडायला लागला, तेवढ्यात वरून गॅलरीतून आवाज आला, ‘‘थांबा! कुणीही पाय ठेवायचा नाही! आधी तत्त्व!’’

काका खाली आले. इकडेतिकडे पाहिलं. झाडणाऱ्या मावशी नुकत्याच टेकल्या होत्या. त्यांच्या शेजारचा बांबूच्या दांड्याचा खराटा काकांनी उचलला, उलटा केला आणि दांडा तळहातावर उभा धरून सोडला. खराटा डुलायला लागला. काका हात इकडे नेतायत, तिकडे नेतायत, चार पावलं पुढे, दोन मागे, वरून पाचोळा डोक्यावर गळतोय. ‘‘खराटा पुढे कलला की मी काय करतो? हात पुढे नेतो! त्याच्या वजनाखाली जातो! हे यंत्र तेच करतं. तुम्ही पुढे कललात की चाकं पुढे पळतात, तुमच्याखाली यायला. तुम्ही खराटा आणि चाकं म्हणजे माझा हात. कळलं?’’

मग खिशातली पेन्सिल काढून तळहातावर उभी केली. ती चटकन पडली. ‘‘पेन्सिल पडते, खराटा राहतो! का? उंच वस्तू सावकाश कलते, सावरायला वेळ मिळतो. म्हणून उंच माणसाने घाबरू नये!’’

‘‘अहो बाबा,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘खराटा द्या. डी विंग राहिलीय.’’

त्या दिवसापासून त्या खराट्याला उसंत मिळाली नाही. पोरं शिकली, पुन्हा पडली, काकांना मात्र एक सिद्धान्त सापडला होता आणि तो आता कुठेही लागू होत होता. सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी ताळेबंद वाचायला घेतला. जमा आणि खर्च जुळत नव्हते, हे दर वर्षीचंच. पण काका उठले, कोपऱ्यातला खराटा तळहातावर धरला आणि ‘‘खर्च पुढे कलला की जमा त्याच्याखाली गेली पाहिजे,’’ असं म्हणत टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला लागले. गणपतीत लहान मुलांचा नाच आणि संगीत खुर्ची यांच्या मध्ये ‘तोलाचं विज्ञान, सप्रयोग’ असा कार्यक्रम घुसवण्यात आला. त्यात खराटा मांडवाच्या दिव्यांच्या माळेत अडकला आणि अर्धी आरास अंधारात गेली. राज्यात कुणी कुणाचा पाठिंबा काढला की लोक टीव्ही लावतात. आमच्याकडे खराटा शोधतात. एका लग्नाच्या बोलणीत, मुलीच्या बाजूने काका गेले होते, तिथे त्यांनी यजमानांच्या घरचा केरसुणीवजा कुंचा मागितला म्हणतात. लग्न जमलं, पण त्याचं श्रेय कुंच्याला द्यावं असं मला वाटत नाही. मावशींनी शेवटी खराट्याला खुणेची लाल चिंधी बांधली आणि रात्री तो मीटरच्या खोलीत कुलपात ठेवायला सुरुवात केली.

खराटा नसेल तेव्हा काका इतिहास सांगत. डीन केमन नावाच्या अमेरिकन माणसाने आधी तोल सांभाळणारी चाकाची खुर्ची केली, मग त्याच विद्येवर 2001 च्या डिसेंबरात सेगवे आणली, म्हणजे उभ्याने चालवायची, हँडलवाली दोनचाकी. जाहीर होण्याआधी इतका गाजावाजा, की लोकांना वाटलं आता शहरंच नव्याने बांधावी लागणार. शहरं होती तशीच राहिली आणि 2020 मध्ये त्या मूळ सेगवेचं उत्पादनच थांबलं. ‘‘तत्त्व बरोबर होतं,’’ काका हळहळत, ‘‘किंमत चुकली.’’ 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश त्यावरून पडता पडता वाचले, तो फोटो काकांच्या फोनमध्ये आहे. ‘‘यंत्र चालूच केलं नसणार!’’ हे त्यांचं निदान. 2015 मध्ये बीजिंगला दोनशे मीटर जिंकून मिरवणाऱ्या उसेन बोल्टला मागून सेगवेवरच्या कॅमेरामनने पाडलं. जगातला सगळ्यात वेगवान माणूस आणि त्याला गाठलं कुणी, तर एका चाकाला कठड्याची कड लागलेल्या यंत्राने! हे सांगताना काकांना बोल्टची काळजी नसते, कडेची असते. आमच्या पार्किंगमध्ये फरशीला जिथे जिथे कड आहे तिथे त्यांनी खडूने फुल्या मारून ठेवल्यात.

चार्जिंगचे नियम वेगळे. त्याच सुमाराला परदेशात होव्हरबोर्डच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या, विमान कंपन्यांनी ते घेऊन चढायला बंदी केली, 2016 च्या जुलैत अमेरिकेत पाच लाख बोर्ड परत मागवले गेले. त्यामुळे आमच्याकडे रात्री चार्जिंग बंद, गादीवर चार्जिंग बंद, आणि चार्जिंग चालू असताना एका जबाबदार माणसाने समोर बसायचं. जबाबदार माणूस कोण, ते सांगायला नको. काका खुर्ची टाकून चार्जरचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत दोन-दोन तास बसलेले मी पाहिलेत.

मी शिकायला गेले त्याचं कारण फार थोर नाही. बँकेतून घरी आले की पोरं समोरून सुळकन जायची आणि ‘‘काकू, तुम्हाला नाही जमणार,’’ असं न विचारता सांगायची. एका रविवारी मी ओढणी कमरेला खोचली आणि उभी राहिले.

पार्किंगमध्ये काहीही शिकायचं म्हणजे प्रेक्षक फुकट मिळतात. एक गृहस्थ गाडी धुता धुता म्हणाले, सायकलसारखंच असतं हो. ते अजिबात तसं नसतं. सायकल तुम्हाला पाडते तेव्हा निदान एका बाजूला पाडते. हे यंत्र पायाखाली थरथरतं. आपण घाबरून घोट्यांनी सावरायला जातो, यंत्र आपल्याला सावरायला जातं, दोघांची सावरासावर एकमेकांच्या वर चढते आणि ताप भरल्यासारखं अंग हलायला लागतं. काकांचे हुकूम चालू: ‘‘पायाकडे बघू नका! समोर बघा! कंबरेत वाकू नका! एक पाय ठेवा चाकाजवळ, दुसरा पटकन! रेंगाळलात की गेलात!’’ आणि सगळ्यात मोठा, कुळाचार असावा तसा पाळायचा नियम: ‘‘उतरताना मागे! पाऊल मागे टाकायचं! पुढे टाकलंत की चवडा दाबला जाणार, चवडा दाबला की यंत्र पळणार, आणि तुमचा एक पाय त्याच्यावर, एक जमिनीवर!’’

हे सगळं अचूक होतं. आणि याचा मला काडीइतका उपयोग होत नव्हता. तत्त्व मला पहिल्या खराट्यालाच कळलं होतं. घोट्यांना कोण सांगणार?

मग काकांनी खांद्यावरचा पंचा काढला. दोन टोकं स्वतः धरली, दोन माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे तोंड करून उलटं चालायला लागले. बाईमाणसाचा हात कसा धरायचा, ही अडचण त्यांनी पंचाने सोडवली होती, आणि पोरांनाही ते तसंच शिकवत. पंचा ताणलेला, मी त्याला जीव खाऊन धरलेलं. काका उलटे चालतायत, खडूच्या फुल्या न बघता चुकवतायत आणि बोलतायत, अखंड बोलतायत. चाकातली मोटर, जायरोस्कोप, मुंबईत मरीन ड्राइव्हवर असल्या गाड्यांवरून गस्त घालणारे पोलीस, त्यांना उन्हात टोपी किती जड होत असेल. मी टोपीचा विचार करत होते. खांब आला, खांब गेला. वळण आलं, डावा चवडा थोडा दाबला, वळले. मग पाहिलं तर पंचाची दोन टोकं खाली लोंबत होती आणि काका बरेच मागे, जिन्यापाशी, पोरांशी बोलत उभे होते.

ते कधी सोडतात हे कुणालाच कळलेलं नाही. आमच्या सोसायटीतली झाडून सगळी पोरं, दोन सुना, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि मी, असे सगळे त्या पंचाला धरून शिकलो. खराटा पाहून शिकलेला एकही नाही. हे मी काकांना सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही, ते पंचामागचं तत्त्व सांगतील.

पण काका स्वतः त्यावर उभे राहिलेत असं कुणी पाहिलेलं नव्हतं. पोरांनी दोन-चारदा आग्रह केला, तर गुडघा, चप्पल, आभाळ, काहीही कारण. मला त्याची गंमत वाटायची. असल्या लोकांचं आयुष्यच काठावर बसून जातं, असं मी एकीला म्हणालेही होते. एकदा संध्याकाळी चार्जिंगच्या पहाऱ्यावर असताना त्यांनी आपणहून सांगितलं. तीनेक वर्षांपूर्वी पहाटे कुशीवर वळले आणि खोली फिरायला लागली. कपाट, खिडकी, काकू, सगळं गरगर. कानातले बारीक कण जागचे सरकले होते. डॉक्टरांनी आडवं करून मान एका विशिष्ट पद्धतीने वळवली, बरं वाटलं, दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

‘‘कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात,’’ काका कुकरच्याच आवाजात म्हणाले. ‘‘तीन दिशांना तीन. तोच आपला जायरोस्कोप. यात बिघाड झाला तर हे बीप करतं. माझ्यात झाला तेव्हा मी भिंत धरली. आता कण जागेवर आहेत म्हणे. पण ‘म्हणे’ ना! आत उघडून कोण बघणार?’’ त्यांनी स्कूटर त्याच वर्षी विकली होती. अंघोळीला अजूनही दार आतून लावत नाहीत. लाल दिवा हिरवा झाला तसा त्यांनी प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

पोरांना यातलं काही माहीत नसावं, किंवा असावं. पोरांचं सांगता येत नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी बोर्ड काकांच्या पायाशी आणून ठेवला आणि सगळे गप्प उभे राहिले. काका बोर्डाकडे बघत राहिले. मग चप्पल काढली. मी ओढणी खोचून पुढे झाले आणि पंचाची दोन टोकं त्यांच्यापुढे धरली.

‘‘पंचा कशाला?’’ काका म्हणाले. ‘‘हात द्या. पंचाला काही आधार नसतो. कापड ओढता येतं, त्याच्यावर टेकता कुठे येतं?’’

पार्किंगमध्ये शांतता पसरली. त्या पंचावर विसंबून वळणं घेतलेली पिढी एकमेकींकडे, एकमेकांकडे बघत होती. ‘‘म्हणजे आजोबा, तुम्ही आम्हाला...’’ एकाने सुरुवात केली.

‘‘हळू बोल, लक्ष जातंय,’’ काका म्हणाले. माझी मनगटं त्यांनी अशी धरली की बांगड्या रुतल्या. एक पाय चाकाजवळ. दुसरा पटकन नाही, बऱ्याच वेळाने. बोर्ड थरथरला आणि थांबला. काका उभे होते, कंबरेत न वाकता, समोर बघत. मग त्यांच्यातला डिझाइन खात्याचा माणूस जागा झाला. ‘‘आता बघा, आत्ता माझं वजन टाचांवर आणि चवड्यांवर सारखं आहे, म्हणून हे स्थिर...’’ बोलता बोलता माझी मनगटं केव्हा सुटली ते त्यांना कळलं नाही. ते बोलत होते तोवर यंत्र जागचं हललं नाही. बोलणं संपलं, त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं, चेहरा उतरला आणि उजवं पाऊल उचलून सरळ पुढे निघालं.

‘‘आजोबा, मागे! मागे!’’ सगळी पोरं एका सुरात ओरडली.

पाऊल हवेत थांबलं. मागे आलं. जमिनीवर टेकलं. पाठोपाठ दुसरं. काकांनी चप्पल घातली, घाम पुसला आणि बोर्डाकडे संशयाने पाहिलं.

‘‘डावीकडे ओढतंय,’’ ते म्हणाले. ‘‘सपाट जागेवर ठेवून कॅलिब्रेट करायला हवं. मावशी, जरा खराटा द्या बरं, यांना दाखवतो.’’

मावशी डी विंगकडे कधीच निघून गेल्या होत्या.