हद्द कायम

जिभाऊंनी टेप माझ्या छातीभोवती फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "श्वास सोड. पोट आहे तसं राहू दे. मोजणीच्या वेळी बांध सरकवायचा नसतो."

मी पोट आहे तसं राहू दिलं. जिभाऊंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला. सातबाऱ्यावर दोन एकर आणि ताब्यात तीन निघाले की शेतकऱ्याकडे ते ज्या नजरेने बघत असतील, त्या नजरेने माझ्याकडे बघितलं आणि मग वहीत काहीतरी लिहिलं.

जिभाऊ माझे थोरले चुलतभाऊ. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३६ वर्षं नोकरी झाली. साखळी ओढण्यापासून सुरुवात, मग प्लेन टेबल, शेवटी शेवटी मशिन. चोपडा, यावल, पारोळा, साक्री. इतक्या तालुक्यांतले बांध पायाखालून गेले, की कुठलंही गाव ते गट नंबरावरून ओळखतात. रिटायर झाल्यावर लोक मेहरुण तलावाला चकरा मारतात, पारायणाला बसतात. जिभाऊंनी फोनवरून कपडे मागवायला घेतले. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी. कॉलनीत कुणाला कुर्ती मागवायची असली की आधी जिभाऊंना विचारायचं, असा रिवाजच पडला आहे. विचारलं नाही तरी ते सांगतातच. असा एक साईझवाला हल्ली प्रत्येक कॉलनीत असतो. आमच्याकडे तो सरकारी पेन्शनवर आहे एवढंच.

त्यांचं ब्रीद एकच: "कपडा लहान-मोठा नसतो. मोजणी चुकलेली असते."

घरी गेलं की चहाच्या आधी प्रश्न येतो. "तुझ्या शर्टावर ४० लिहिलंय. ४० काय? डझन केळी?" आपण गप्प. मग ते सांगतात. ऑफिसात घालायच्या शर्टावरचे ४० म्हणजे गळ्याचे सेंटीमीटर, पावणेसोळा इंच. कुर्त्यावरचे ४० म्हणजे छातीचे इंच. आकडा तोच, पण एक गळ्यात पडतो आणि दुसरा छातीवर बसतो. पँटवरचे ३४ तर धड कशाचेच नसतात. त्यांनी एका पँटची कंबर टेबलावर अंथरून मोजली, ३६ भरली. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून कंपन्या लेबलावर दोन इंच सोडून देतात. याला व्हॅनिटी सायझिंग म्हणतात, हे त्यांनी नातवाकडून शोधून घेतलं आणि तेव्हापासून दिवसातून तीनदा तरी म्हणतात. बायकांचा कारभार आणखी गहन. अमेरिकेत ८ नंबर घालणाऱ्या बाईला इंग्लंडात १२ लागतो आणि युरोपात ४०. "विमानातून उतरेल तशी वाढते बिचारी," जिभाऊ म्हणतात, आणि वहिनी स्वयंपाकघरातून भांडं आपटतात.

साईझ चार्ट तर ते नकाशासारखा वाचतात. पहिला सवाल हा, की चार्टातली छाती अंगाची की कापडाची? अंग ४० आणि कुर्ता ४४, मधले चार इंच हवेचे. शिंपी त्याला ढिलाई म्हणतो, जिभाऊ 'बांधाची जागा' म्हणतात. फ्री साईझ म्हणजे गायरान. सगळ्यांचं म्हणायचं, पण कुणाच्याच उपयोगाचं नाही. पुतण्या ओव्हरसाईझ टी-शर्ट घालून फिरतो, ३६ छाती आणि ४६ चं कापड. ते उघड उघड अतिक्रमण.

त्यांची खरी तक्रार मात्र सरकारदरबारी आहे. "जमीन मोजून झाली रे," ते हळहळतात. "१८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड साहेबाने सुरुवात केली, मग विंगेट आला. बांधन् बांध मोजला. पण त्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाची छाती कुणी मोजली?" त्यामुळे आपल्याकडचे बरेचसे चार्ट गोऱ्या लोकांच्या अंगावरून उसने घेतलेले. आत्ता कुठे निफ्ट या संस्थेने 'इंडिया साईझ' हाती घेतलं: १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांना थ्रीडी स्कॅनरपुढे उभं करायचं, सहा शहरांत. त्यात मुंबई आहे, दिल्ली आहे, थेट शिलाँग आहे. जळगाव नाही, धुळं नाही. सकाळ-संध्याकाळ कळण्याची भाकरी आणि तेलाचा तवंग आलेली शेवभाजी खाऊन जे पोट होतं, त्याचा देशाच्या सरासरीत हिस्सा नसावा, हे जिभाऊंना फार लागलेलं आहे.

ही सगळी विद्या पणाला लागली ती धुळ्याच्या लग्नात.

धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न, देवपूरला. हळदीला घरच्या सगळ्यांनी एकसारखे पिवळे कुर्ते घालायचे, असं पोरांनी ठरवलं. आमच्या लहानपणी एकसारखं दिसणं सोपं होतं. अंमळनेरच्या प्रताप मिलच्या कापडाचा ताका घरी यायचा आणि आजोबांच्या कोपरीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं त्यातच निघायचं. उरलेल्या तुकड्यात मी. आता मात्र १९ माणसं, १९ कुर्ते आणि फोनच्या पडद्यावर एस, एम, एल, एक्सेल. जिभाऊंनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रीतसर नोटीस टाकली: हद्द कायम मोजणी, रविवारी सकाळी ९ वाजता, सर्व धारकांनी उपाशीपोटी यावं, लगतधारकांनीही हजर राहावं, गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही. लगतधारक म्हणजे कोण, असं एकाने विचारलं. "तुझी बायको," असं उत्तर आलं.

पुरुषांची मोजणी सुरळीत झाली. बायकांची वहिनींनी आतल्या खोलीत करायची आणि जिभाऊंनी दाराबाहेर पाठ करून आकडे लिहायचे, असं ठरलं. आतून आवाज यायचा, "चाळीस." मग कुजबुज. मग, "नाही हो, अडतीस लिहा." जिभाऊ अडतीस लिहायचे. पुन्हा कुजबुज. "छत्तीसच लिहा, लग्नापर्यंत होईल." आमच्या जळगावात बाई बांगडीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत सांगेल, कंबर विचारली की सराफ बाजाराचं शटर खाली. तासाभराने वही बंद झाली तेव्हा आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका एम होत्या. सत्तरीच्या काकूसुद्धा. जिभाऊंनी दाराकडे तोंड करून फेरमोजणी जाहीर केली, तर आतून असा गलका झाला की मला १८५२ आठवलं. सरकारी मोजणी नको म्हणून तेव्हा सावदा-फैजपूरकडचे शेतकरी जमाव करून उठले होते. त्या वेळी साहेबाने फौज बोलावली. जिभाऊंकडे फौज नव्हती. त्यांनी सगळ्यांपुढे एल लिहिलं आणि हा बदल कुणाला कळवला नाही.

दहा वर्षांच्या चिंट्याच्या मापावर काकू अडल्या. "त्याला दोन नंबर मोठाच घे. वाढत्या अंगाचा."

जिभाऊ चिडले. चार्टात वाढतं अंग नावाचा रकानाच नाही, म्हणाले. पण काकूंचं काय चुकलं? आमची सगळी पिढी वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढली. पाचवीच्या जूनमध्ये शिवलेला शर्ट कोपराखाली यायचा, सहावीत बरोबर बसायचा आणि सातवीत धाकट्याच्या अंगावर जायचा, म्हणजे पुन्हा वाढत्या अंगाचा व्हायचा. माझ्या मापाचा कपडा मी पहिल्यांदा घातला तो नोकरी लागल्यावर, आणि तो मला आखूड वाटला. जिभाऊ तर थोरले. त्यांच्या शर्टाने खाली तीन भावंडं बघितली. माणसाला आपलं माप ठाऊक नसतं ते उगाच नाही.

पार्सलं आली. १९ पैकी ११ परत गेली. फोनवर परतीचं कारण निवडायचं असतं, लहान, मोठा किंवा इतर. जिभाऊ 'इतर' निवडायचे आणि खाली लिहायचे, "अभिलेख व प्रत्यक्ष ताबा यांत तफावत." पार्सल घेऊन येणारा पोरगा किडकिडीत, नम्र, एरंडोलकडचा. हा पक्का एम आहे, हे जिभाऊंनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि त्याला दगड केला. सर्व्हेचा दगड, ज्याच्यावरून बाकीची मापं धरतात. पार्सल फोडलं की कुर्ता आधी त्याच्या पाठीला लावून बघायचा. एम त्याला ढगळ झाला तर कंपनी चुकली, तंग झाला तर तोच काल जास्त जेवला. दुसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन पाठ करून उभा राहायला लागला. लेबलाला मात्र हात लावू द्यायचा नाही. टॅग तुटला की कपडा परत जात नाही, म्हणून जिभाऊ टॅगला सील म्हणतात आणि कुर्ता घालून बघणाऱ्याच्या मानेपाशी स्वतः उभे राहतात.

हळदीच्या दिवशी सकाळी १८ जणांना कुर्ते बसले. खोटं कशाला बोलू, छान बसले. जिभाऊ मांडवात हात मागे बांधून फिरत होते, एकेकाच्या खांद्याची शिवण डोळ्यांनी तपासत होते. मग पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आणि बट्टी चुरल्यावर तुपाची वाटी घेऊन तीन माणसं वाढायला. आमच्या खान्देशात दुसऱ्या बट्टीला नाही म्हणणं हा वाढणाऱ्याचा अपमान असतो, तिसरीला म्हणणं यजमानाचा. चौथीच्या सुमारास मागच्या ओळीतून पहिला 'टर्र' आला. हात धुवायला उठलेल्या मामांची बाजूची शिवण गेली होती. "मोजणी उपाशीपोटी झाली होती," जिभाऊ थंडपणे म्हणाले. "नंतर धारकाने क्षेत्र वाढवलं. मोजणीदार काय करणार?"

आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिभाऊंनी स्वतः कुर्ता घातलेलाच नाही.

"पाहुण्यांचं आधी," ते म्हणाले. पोरं ऐकेनात. त्यांचं पार्सल शोधून काढलं, फोडलं. कुर्ता डोक्यातून खाली सरकला, खांद्यापाशी आला आणि थांबला. दोन्ही हात वर, तोंड पिवळ्या कापडात, पोट पूर्ण मोकळं, आतून दबका आवाज: "चार्ट चुकला." दोघांनी खालून ओढलं, मी बाह्यांना धरून वर ओढलं. "सील!" आवाज आला, "सील सांभाळा!" शेवटी काकूंनी कात्री आणली. १९ जणांत एकाच माणसाची मोजणी झाली नव्हती. त्यांनी आपला आकडा पाठ होता तो टाकला होता.

रात्रीच्या मिरवणुकीआधी काहीतरी करणं भाग होतं. त्यांना घेऊन मी धुळ्याच्या पेठेत गेलो. इथे गल्ल्यांना नंबर आहेत. कॅप्टन ब्रिग्जने आखलेली ही पेठ, काटकोनात, आणि म्हणून जिभाऊंचा या गावावर जीव. साक्रीला असताना ते इथल्याच एका मास्तरांकडे कपडे शिवायचे. मास्तर आता म्हातारे झालेत, पण मशिनीवरच होते.

"या जिभाऊ, बठा."

मास्तरांनी कुर्ता उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "यामा मार्जिनच नही शे," म्हणाले. शिवणीच्या आत पाव इंचसुद्धा कापड नव्हतं, सगळं कापून ओव्हरलॉक मारलेला. आपले शिंपी आत इंचभर कापड दाबून ठेवतात, माणूस वाढणार हे धरूनच. या कुर्त्याला उसवायला जागाच नव्हती. नवा शिवायचा ठरला, दोन तासांत.

माप घ्यायच्या आधी मास्तरांनी फळीवरून जुनी वही काढली. पानं पिवळी, कोपरे गेलेले. जिभाऊंचं नाव निघालं. सन १९९१. छाती ३८, कंबर ३२. पाठ होता तो हाच आकडा. मास्तरांनी टेप लावला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"जिभाऊ," मास्तर म्हणाले, "आते फेरफार करनं पडी."

जिभाऊंनी रस्त्याकडे बघितलं. वरातीच्या बँडवाल्यांची गाडी चालली होती. "कर," ते म्हणाले, "पण पेन्सिलने लिही."

मास्तरांनी जुन्या आकड्यांखाली रेघ ओढली आणि पेन्सिलने लिहिलं: छाती ४४, कंबर ४१.

फेरफाराला हरकत घ्यायची मुदत १५ दिवसांची असते. लग्नाला दोन महिने झाले. जिभाऊंनी अजून हरकत घेतलेली नाही.