सहा अकादम्या आणि एक वांगं

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, ओरडून सांगण्यासारखं नाही हे. त्या बीटी वांग्याचं हो, अळी लागू नये म्हणून जनुक घातलेल्या, आपल्या जालन्याच्या महिको बियाणं कंपनीच्या! लागवडीला स्थगिती आली एवढं सगळ्यांना ठाऊक, पण मागाहून त्या सहा विज्ञान अकादम्यांची जी शोभा झाली ना... तिचा विषय कुणी काढतच नाही.

तर २००९च्या ऑक्टोबरात जीईएसी, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांना मंजुरी देणारी समिती, म्हणाली, पेरा खुशाल. केंद्राची कमिटी, तज्ज्ञ बसलेले, फायली तपासलेल्या. आता त्या फायलींतल्या बऱ्याचशा चाचण्या कंपनीनेच केलेल्या. म्हणजे मुलीची पत्रिका मुलीच्या मामानेच जुळवायची! सुप्रीम कोर्टाने त्या कमिटीवर बसवलेले पुष्प भार्गव, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे संस्थापक हो, ते नको-नको म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण?

आणि पर्यावरण मंत्री कोण, तर जयराम रमेश! कमिटीने हो म्हटल्यावर सही ठोकून मोकळं व्हायचं की नाही? हे गृहस्थ निघाले सात शहरं फिरायला. आपल्या नागपुरातही येऊन गेले. सभेत एक म्हणतो बियाणं हवंच, दुसरा म्हणतो विष नको, नुसता कल्ला! ९ फेब्रुवारी २०१०ला दिली स्थगिती. कंपनीवाल्यांचे चेहरे काय झाले असतील... जाऊ दे.

तर काय सांगत होते, हां, अकादम्या. मंत्र्यांनी देशातल्या सहा अकादम्यांना विचारलं, तुम्हीच सांगा आता. सप्टेंबरात रिपोर्ट आला, मर्यादित लागवडीला हरकत नाही म्हणून. आणि वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं, अगं बाई, हे तर आधी वाचलंय! बायोटेक्नॉलॉजी खात्याच्या पत्रिकेतल्या लेखाचा मजकूर जसाच्या तसा, ना नाव ना गाव. आणि लेख कुणाचा? ज्यांनी स्वतः बीटी वांगं तयार केलंय, त्याच सरकारी शास्त्रज्ञांचा! आता बोला. एवढे मोठमोठे विद्वान, आणि चूक कबूल करायची वेळ आली.

मंत्र्यांनी काही तो रिपोर्ट मानला नाही. मग डिसेंबरात सुधारून आणला, शिफारस मात्र तीच. मला विचाराल तर हेच पहिल्या खेपेला स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं, तर कुणी ऐकूनही घेतलं असतं. कारण ती शेंडा नि फळ पोखरणारी अळी काही खोटी नाही हो, फवारून फवारून शेतकरी टेकीला येतो.

त्याच वर्षी जीईएसीच्या नावातलं ‘अप्रूव्हल’ काढून ‘अप्रेझल’ घातलं. म्हणजे मंजुरी नाही द्यायची, नुसतं तपासून मत द्यायचं! 

आणि शेजारी बांगलादेशात? २०१४च्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांच्या हाती रोपं देऊन मोकळे झाले, जनुक आपल्या महिकोकडूनच आलेलं. आपल्याकडची स्थगिती मात्र अजून उठलेली नाही.