वचन नेट झिरोचं, मोजणार कोण?

मुंबई महापालिकेने 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट ठेवलं. चांगलंच झालं. पण ते गाठलं जातंय की नाही, हे कळणार कसं? इंधन किती खपलं, वीज किती वापरली, यावरून कागदावर हिशेब होतो. तो हवेत जुळतो का, हे कुणीतरी पाहायला हवं. एक्यूआयच्या फलकाकडून ती आशा नाही. त्या निर्देशांकातल्या आठ प्रदूषकांत कार्बन डायऑक्साइड नाहीच.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत हा वायू 2001 पासून अखंड मोजला जातोय. तिथल्या युटा विद्यापीठाने पुढे शहरातल्या रेल्वेच्या डब्यांच्या टपावरही यंत्रं बसवली. गाडी धावते आणि वाटेतल्या वस्त्यांची हवा नोंदवली जाते. शहर डोंगरांच्या मधोमध वसलंय. हिवाळ्यात थंड हवा दरीत कोंडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि आकडा 500 पीपीएमच्याही वर जातो. जगाची सरासरी सध्या 420च्या थोडी वर आहे. एरवी पहाटे चढलेला आकडा दुपारी उतरतो, कारण ऊन तापलं की हवा घुसळून वर जाते. रस्त्यावरच्या गाड्या मात्र कमी झालेल्या नसतात! म्हणून एका दुपारचा आकडा दाखवून कुणी पाठ थोपटून घेऊ नये. शहराबाहेरच्या हवेशी ताडून, वर्षानुवर्षं मोजावं लागतं.

तसं मोजल्यावर 2018 च्या अभ्यासात दिसलं, की ग्रामीण भागात जिथे नवी उपनगरं पसरली, तिथे उत्सर्जन वाढलं. जुन्या भरवस्तीत लोकसंख्या तेवढीच वाढूनही ते तसं वाढलं नाही. शहराच्या वेशीबाहेर टाउनशिपना धडाधड परवानग्या देणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं. माणसं वाढली म्हणून धूर वाढला, ही सबब इथे टिकत नाही. त्यांना किती लांब राहायला पाठवलं, यावर बरंच ठरतं.

आपल्याकडे जाणकार नाहीत असंही नाही. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी सिंहगडावर हा वायू मोजलाय. गडावर जमलं ते हिंजवडीत, पनवेलला, कल्याणला का जमू नये? आराखड्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात या यंत्रांसाठी तरतूद करा आणि आकडे रोजच्या रोज लोकांसमोर ठेवा.