सोपं आहे हो, फक्त उघडा!

संशोधकाला शिकवता येतंच, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. निदान माझी स्वतःबद्दल होती. त्यामुळे 'द कार्पेंट्रीज'च्या ऑनलाइन प्रशिक्षणाला मी नाव घातलं ते शिकायला नव्हे, चार गोष्टी सांगायला. (संस्थेच्या नावावरून करायचे सुतारकामाचे विनोद घरच्यांनी करून संपवले आहेत.) १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना धड प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं, त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. आता ती संशोधकांना संगणकाचे धडे मिळून लिहायलाही शिकवते. धडे खुले, कोणीही घ्यावेत, बदलावेत, फक्त श्रेय द्यावं. आपला धडा कोणी ढापेल, ही माझी पहिली चिंता होती. ती निराधार ठरली.

तिथे धडा शेवटाकडून लिहितात. आधी शिकणारा कोण ते ठरवायचं, मग त्याला काय करता आलं पाहिजे ते, मग ते आलं की नाही हे दाखवणारा सराव, आणि आपलं पांडित्य सगळ्यांत शेवटी. मी आजवर पांडित्याने सुरुवात करत आलो. तास संपला की उरलेलं गृहपाठाला. काल्पनिक विद्यार्थ्याचं वर्णन लिहायला सांगितलं, तेव्हा मी लिहिलं : 'वय पन्नाशीचं, वनस्पतिशास्त्रज्ञ, चौकस, स्वभावाने विनोदी, एक्सेलवर हुकूमत.' प्रशिक्षक बाईंनी नम्रपणे विचारलं, "मग यांना धडा कशाला हवा?"

माझे सहलेखक नागपूरचे मृदाशास्त्रज्ञ. त्यांनी माझं एक लाडकं वाक्य छाटलं, तेव्हाच मी ते आणखी लांबवत होतो. आम्ही जिथे धडा मिळून लिहीत होतो, त्या गिटहबने दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडले, मध्ये बाणांची कुंपणं घातली आणि 'तुमचं तुम्ही निस्तरा' म्हणून हात झटकले. हाउसिंग सोसायटीच्या सभेतल्या भांडणाचंही इतकं स्वच्छ इतिवृत्त निघत नाही.

धड्याचा विषय : एक्सेलमधल्या तारखा. क्षुल्लक वाटेल, पण एक्सेलच्या तारखांच्या हव्यासापायी माणसाच्या जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली आहेत. 'मार्च१' हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल ते १ मार्च करून टाकायचं. शेवटी ते जनुक 'मार्चएफ१' झालं.

मग सहकाऱ्यांपुढे धड्याची रंगीत तालीम. प्रत्येकाला दोन चिकट कागद दिले : झालं तर हिरवा, अडलं तर गुलाबी, लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा. "सोपं आहे हो, फक्त फाइल उतरवा आणि उघडा," मी म्हणालो. 'सोपं' आणि 'फक्त' हे शब्द वापरू नका, अडलेल्या माणसाला ते लागतात, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. फाइल उतरली. कुठे उतरली ते कोणाला सापडेना. बघता बघता खोली गुलाबी झाली. एकच हिरवा कागद दिसला, म्हणून धावत गेलो, तर तो लावणारे सर चहाला निघून गेले होते. त्यांचं झालं होतं.

फाइल सापडल्यावर खरी मजा. आमच्या आवारातल्या बहाव्याला पहिलं फूल आलं ती तारीख, ०५/०४, म्हणजे ५ एप्रिल. ग्रंथपाल मॅडमच्या पडद्यावर ४ मे. त्यांचा लॅपटॉप अमेरिकी पद्धतीवर होता, महिना आधी. आणि १३/०४ रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसली होती, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने तिला तारीख न मानता नुसता मजकूर मानलं होतं. "सर, मग बरोबर कोणतं?" मॅडमनी विचारलं. मी फळ्याकडे पाहिलं. उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं, ५ एप्रिल, ठळक अक्षरांत.

रात्री माझ्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदी उघडल्या. त्यातली काही वर्षं प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर भरली होती, तोही अमेरिकी पद्धतीचा. त्यातल्या एका वर्षी १२/०४ ला फुललेला बहावा ४ डिसेंबरला फुलला होता. ऐन थंडीत बहावा! हवामानबदलावरच्या शोधनिबंधाची प्रस्तावना माझी लिहूनही झाली होती.

तेव्हा वाचकहो, नोंदी ठेवत असाल तर वर्ष, महिना आणि दिवस तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. धडा अजून चाचणीच्या अवस्थेत आहे, खुला आहे. चूक दिसली तर खुशाल दुरुस्त करा. फक्त लांब वाक्यांना हात लावण्याआधी मला विचारा, नागपूरला नको.