क्षमता छापील, साठा देवाघरी

साठवणक्षमता आणि साठा यांतला फरक आटपाडीकराला शिकवायला जाऊ नये. टेंभू उपसा योजनेचं पाणी येण्याआधी तलावाची क्षमता सरकारी कागदावर आणि पाणी शेतकऱ्याच्या डोळ्यांत, असाच हिशेब होता.

तरी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यापायी परमुलखात गेलेल्यांची पोरं यात्रेला येतात, तेव्हा हातातल्या गेमिंग यंत्रात स्वस्तातलं ‘२ टीबी’ मेमरी कार्ड असतं. कार्ड यंत्राला बेधडक दोन टीबी सांगतं. आत ३२ जीबी निघाले तरी नशीब. तेवढे भरले की पुढचा गेम जुन्याच्या उरावर बसतो किंवा हवेत विरतो. यंत्र मात्र ‘कॉपी झाली’ म्हणून मोकळं.

बरं, अस्सल घ्यावं तर कंपन्या तयारच. सोनीने आपल्या व्हिटा या गेमिंग यंत्रासाठी खास स्वतःचं, महागडं कार्ड काढलं. निन्टेंडोच्या २०१७च्या स्विचला साधं मायक्रोएसडी चालायचं; २०२५च्या स्विच २ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. जुन्या कार्डावरचे फोटो-व्हिडिओ तेवढे उतरवून घ्या म्हणे. त्यात काही गेमच्या डबीतल्या कार्डात गेमच नसतो, नुसती चावी असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, म्हणजे पुन्हा जागा, पुन्हा कार्ड.

कार्ड खरं की खोटं हे काठोकाठ भरून तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट आहे, म्हणूनच बहुधा त्यावर कुणाचा विश्वास नाही.