टपाल गेलं शेगावला

पत्रावर शेरा ‘अत्यंत तातडीचे’. मजकूर दीड ओळीचा: खालील लिंकवर आजच माहिती भरावी. खाली लिंकही आहे, निळ्या अक्षरांत, अधोरेखित. फक्त साहेबांची सही हवी म्हणून पत्राची प्रिंट निघाली. सही झाली, गोल शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. मग ते स्कॅन होऊन त्याची पीडीएफ झाली आणि ग्रुपाग्रुपांतून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, समुद्रपूरच्या शाळांपर्यंत पोचली. आता त्या निळ्या ओळीवर बोट दाबा, दोनदा दाबा, अंगठा लावा. काही होत नाही. लिंक गेली, उरला तो लिंकचा फोटो.

मग मास्तर ती ओळ पाहून पाहून टाइप करतात. गुगल फॉर्मच्या पत्त्यात पन्नासच्या वर अक्षरांची एक अगम्य माळ असते. त्यात कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा ओळखायला पंचांग काढावं लागतं. एक अक्षर चुकलं की फॉर्म उघडत नाही. शेवटी कोणीतरी धीर करून ग्रुपवर लिहितं, “सर, लिंक टाका ना जी.” वरून उत्तर येतं, “पत्रात दिलेली आहे. पाहून घ्यावी.” संध्याकाळी दुसरं पत्र: माहिती न भरणाऱ्यांचा खुलासा मागवण्यात येत आहे. तेही स्कॅन केलेलं.

गंमत म्हणजे मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीनं निघतो. त्याच्या शेवटी संकेतस्थळाचा पत्ता असतो, लांबलचक संकेतांक असतो, सगळं रीतसर. मंत्रालय ते जिल्हा या वाटेत त्याला कुठंतरी प्रिंटर भेटतो, आणि पुढचा प्रवास कागदाचा होतो.

लिंक लावणं ही काही अवघड विद्या नाही. शब्द निवडायचे, कंट्रोल आणि के ही बटणं एकत्र दाबायची, पत्ता चिकटवायचा, एंटर. वर्डमध्ये तेच, जीमेलमध्ये तेच, गुगल डॉक्समध्ये तेच. तयार फाइल थेट पीडीएफ म्हणून साठवली तर लिंक जिवंत राहते. व्हॉट्सअॅपवर शब्दांमागे पत्ता लपवता येत नाही, तिथं तो उघडाच टाकावा लागतो. पण टाकावा लागतो, हे महत्त्वाचं.

ज्यांना जमतं त्यांची वेगळी तऱ्हा. ते हमखास दोन ओळी लिहिणार आणि पुढं ‘येथे क्लिक करा’. अर्जासाठी येथे क्लिक करा, यादीसाठी येथे क्लिक करा, मुदतवाढीसाठीही येथेच. वेबचे संकेत ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था असं लिहू नका म्हणून कधीची सांगते आहे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर लावून पानावरच्या नुसत्या लिंका एकामागून एक ऐकतात. त्यांच्या कानावर पडतं: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. कुठं बावा? ‘पात्र शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांनाच लिंक लावली तर काही बिघडत नाही, उलट तीन शब्द वाचतात. पण मग सरकारी भारदस्तपणा कुठून आणायचा?

मराठी माणसाला आणखी एक जाच सोसावा लागतो. मराठी विकिपीडियावरच्या ‘सेवाग्राम’ या पानाचा पत्ता कॉपी करून पाहा. संगणक काना, मात्रा, पायमोड धरून प्रत्येक खुणेची नऊ अक्षरं करतो. टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एका ‘सेवाग्राम’ची होतात 81. ती ग्रुपवर पडली की पहिला प्रश्न येतो, हा व्हायरस तर नाही ना? इथं शब्दांमागे पत्ता ठेवण्याची सोय खरी कामाची आहे, आणि इथंच ती कोणी वापरत नाही.

वर्धा जिल्ह्यानं तरी पत्त्याची चेष्टा करू नये. 1936 मध्ये गांधीजी इथल्या सेगावला राहायला आले. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात शेगाव. त्याला रेल्वे, त्याला पोस्ट. जगभरातून येणाऱ्या पत्रांची या दोन नावांत गफलत होऊ लागली. गांधीजींचं टपाल शेगावला! 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पत्र पाठवणाऱ्यांनी स्पेलिंग नीट पाहून घ्यावं, असं परिपत्रक काढणं सोपं होतं. त्याऐवजी गावानंच नाव बदललं. घोटाळा पत्ता देणाऱ्यानं निस्तरायचा असतो, हे गांधीजींच्या कुटीला कळलं होतं. पुढं रेल्वेनं वर्धा पूर्व स्टेशनचं नाव सेवाग्राम केलं. आता पाहुणे ‘सेवाग्राम’ वाचून उतरतात आणि गांधीजींचा आश्रम शोधत बाहेर येतात. आश्रम तिथं नाही. समोर रिक्षावाले उभे. अक्षरं एक सांगतात, पत्ता दुसरीकडचा. कोणाचं तरी पोट त्यावर चालतं.

रिक्षावाला निदान आश्रमात पोचवतो. मोबाइलमधला भामटा कुठं नेईल याचा नेम नाही. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे: वर बँकेचं नाव, खाली भलताच पत्ता. पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल येते, वाहनाच्या चलनाच्या नावानं येते. कापसाच्या पैशाची वाट पाहणारा माणूस ती दाबतो, कारण काहीही न वाचता निळं दिसलं की दाबायचं, ही सवय त्याला सरकारी संदेशांनीच लावली आहे. संगणकावर लिंकवर बाण नेला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर बोट दाबून धरलं की दिसतो. त्यातला पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा शेवट वाचायचा. केंद्राचा, राज्याचा पत्ता बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’नं संपतो. मध्येच कुठंतरी गव्ह असून शेवटी भलतंच शेपूट असेल तर हात आवरायचा.

आणि भामट्याचं एक मान्य करावं लागतं. तो पत्ता बरोबर चिकटवतो, पाठवण्याआधी तपासतो, एका बोटानं उघडेल अशी काळजी घेतो. त्याच्या कचेरीत प्रिंटर नाही. त्याच्या जाळ्यात सापडलाच कोणी, तर 1930 वर लगेच फोन लावायचा. चार आकडेच आहेत, पाठ होतात.