त्याच्याआधी तो कुठे होता?

कुस्तीशौकिनांमध्ये एक जात अशी आहे, की तिला विजेत्यांत रस नसतो. पट्टा कोणी जिंकला, किती दिवस राखला, कोणाला पाडून जिंकला, हे तिच्या लेखी शाळकरी पोरांचं ज्ञान. या जातीचा गृहस्थ अमेरिकी फ्रीस्टाइलचा भक्त असतो, वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी बहुधा निमसरकारी. डोक्यात साठा एकाच गोष्टीचा: अमुक पैलवान प्रसिद्ध होण्याआधी कोणत्या भलत्याच कंपनीत, कोणत्या भलत्याच नावाने, किती थोडे दिवस लढला. प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक असतो. दोन असले तर ग्रुप फुटतो.

त्याला ओळखायला वेळ लागत नाही. कोणाचंही नाव निघालं की तो मान किंचित तिरकी करतो आणि विचारतो, ‘त्याच्याआधी तो कुठे होता, माहितीये?’ वाक्य प्रश्नार्थक असलं तरी उत्तराची अपेक्षा नसते. ‘हो, माहितीये’ असं कोणी म्हटलं तर तो दुखावतो, आणि तरीही सांगतो.

या गृहस्थाची घडण नव्वदच्या दशकातली. केबल घरात आली, दुकानांत ट्रम्प कार्डं आली, आणि उंची, वजन, छाती, दंड यांच्या आकड्यांवर वर्गावर्गात डाव रंगले. अंडरटेकर सात वेळा मरून परत येतो यावर तेव्हा अख्ख्या पिढीची श्रद्धा होती. या एकाला मात्र कधीतरी कळलं, की मरण्याचं सोडा, हा माणूस अंडरटेकर होण्याआधी वेगळाच कोणीतरी होता. 1989मध्ये मेम्फिसकडच्या कंपनीत तो ‘मास्टर ऑफ पेन’ होता. मग डब्ल्यूसीडब्ल्यू नावाच्या कंपनीत ‘मीन मार्क’ झाला. 1990मध्ये जपानच्या दौऱ्यावर गेला, तिथे त्याला ‘पनिशर’ डाइस मॉर्गन म्हणत. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला काळी टोपी घालून तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीत उतरला आणि मागचं सगळं पुसलं गेलं. वर्गातल्या इतरांना अंडरटेकरची भीती वाटायची. या मुलाला डाइस मॉर्गनची काळजी वाटू लागली. बाकीचं आयुष्य त्या काळजीत गेलं असं म्हणायला हरकत नाही.

अशा तुटक मुक्कामांची कारणं त्या धंद्याच्या रचनेतच आहेत, आणि ती समजावून सांगताना गृहस्थाला जेवणाचं भान राहत नाही. कुस्ती कंपनी ही जुन्या नाटक कंपनीसारखी चालते: भूमिका कंपनीची, नट येतो आणि जातो. पात्राचं नाव कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे पैलवान दार ओलांडतो तेव्हा नाव आतच राहतं आणि बाहेर निव्वळ देह येतो. दुसरं कारण जपानचे दौरे. तिथल्या कंपन्या परदेशी पैलवानांना काही आठवड्यांपुरतं बोलावत आणि गरजेनुसार बारसं करत. आंद्रे द जायंट 1970मध्ये तिथे ‘मॉन्स्टर रूसिमॉफ’ म्हणून उतरला होता. तिसरं कारण एका रात्रीच्या बोलीवर हरायला बोलावलेले होतकरू. 1986मध्ये जॅक फॉली नावाचा पोरगा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पडद्यावर ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीकडून असा बुकलून निघाला, की त्याला काही दिवस धड चावताही येईना. तोच पुढे मिक फॉली. एजे स्टाइल्सने 2002च्या जानेवारीत याच कंपनीत हरिकेन नावाच्या पैलवानाकडून मार खाल्ला, आणि त्यानंतर तो तिथे कायमचा आला तो 2016मध्ये. मधल्या चौदा वर्षांत गृहस्थाने ही हार निरनिराळ्या लोकांना किती वेळा सांगितली, त्याची मोजदाद नाही.

मुखवटा आला की त्याचा आवाज चढतो. 4 जानेवारी 1997 रोजी टोकियो डोममध्ये ‘सुपर लायगर’ नावाचा एक मुखवटाधारी उतरला. जपानी प्रेक्षकांचा लाडका जुशिन लायगर, त्याचा हा तोडीस तोड शत्रू घडवायचा बेत होता. मुखवट्यातून धड दिसत नव्हतं, डाव चुकत गेले, प्रेक्षक थंड बसले. पात्र त्या एकाच रात्री जन्मलं आणि त्याच रात्री वारलं. आत ख्रिस जेरिको होता. जेरिकोने पुढे मिळवलेले सगळे पट्टे गृहस्थ एका दमात उडवून लावतो आणि या फसलेल्या लढतीवर पाऊण तास घेतो. ऐकणारा सुटकेसाठी घड्याळाकडे बघतो, तेव्हा त्याला सांगण्यात येतं की 2006च्या रेसलमेनियाला जॉन सीना ज्या जुन्या गाडीच्या मिरवणुकीतून आला, तिच्या बाजूच्या फळीवर बंदूक घेऊन उभा असलेला गुंड म्हणजे सीएम पंक. पाच वर्षांनी त्याच पंकने पट्टा जिंकला आणि तो 434 दिवस सोडला नाही. हा आकडा गृहस्थ नाइलाजाने सांगतो.

परक्या कंपनीत गेलेल्या पाहुण्यांची गंमत वेगळी. मेक्सिकोचा मिल मास्करस 1997च्या रॉयल रंबलमध्ये आला. वरच्या दोरीवरून बाहेर पडला तो बाद, एवढा एकच नियम. मास्करसने आयुष्यभर दोरीवरून बाहेर झेप घेऊन टाळ्या मिळवल्या होत्या. त्याने इथेही एका प्रतिस्पर्ध्याला बाहेर फेकलं, मग शिरस्त्याप्रमाणे वर चढून त्याच्यावर बाहेर झेप घेतली आणि स्वतःच बाद झाला. उलट 1991च्या रेसलमेनियात जपानहून आलेल्या तेन्र्यू आणि कितावो या जोडीने डिमॉलिशनसारख्या नावाजलेल्या जोडीला चक्क हरवलं. कितावो एके काळी सुमोतला योकोझुना होता, हे तिथल्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावं. 1995च्या एप्रिलमध्ये तर जपानी आणि अमेरिकी कंपन्या मिळून उत्तर कोरियात प्योंगयांगला गेल्या. रिक फ्लेअरसमोर अंतोनियो इनोकी उतरला. हा इनोकी त्या वेळी जपानच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य होता. खासदार माणूस परक्या देशात जाऊन पैलवानाला आडवा करतो, यावर आपल्याकडे कोणाला आश्चर्य वाटत नाही, ही गृहस्थाची जुनी खंत.

त्याचा खरा कुलदेव मात्र ब्रायन ली. अंडरटेकर दुखापतीमुळे बाहेर असताना 1994मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने या उंच माणसाला रंगवून खोटा अंडरटेकर म्हणून उभा केला. 29 ऑगस्टला शिकागोत खऱ्याने खोट्याला पाडलं आणि ब्रायन ली पडद्यावरून नाहीसा झाला. दोन वर्षांनी तो उगवला कुठे? मुंबईच्या हिंदी सिनेमात. ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षय कुमारने ज्याला उचलून आपटलं, तो हा. थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या खऱ्या अंडरटेकरला, पण अंगावर घेतल्या ब्रायन लीने. त्याच सिनेमात क्रश होता, म्हणजे तेन्र्यू-कितावोकडून हरलेल्या डिमॉलिशन जोडीतला एक. इथे गृहस्थ थांबतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडण्याची वाट बघतो. तो सहसा पडत नाही.

उपद्रव एवढ्यावर थांबता तर समाजाने तो सोसला असता. पण ही खोड आखाड्याबाहेर पसरते. नव्या जावयाची ओळख करून देताना सासरे ‘आमचे जावई मोठ्या बँकेत’ म्हणतात. हा मधल्या दहा महिन्यांची मोबाइल कव्हरांची एजन्सी बाहेर काढतो. मिसळवाल्याच्या तर्रीची तारीफ चालू असताना हा तिथला आचारी आधी कोणत्या डोशाच्या गाडीवर होता ते सांगतो, आणि मिसळीला उगाच नारळाच्या चटणीची चव येऊ लागते. लग्नाच्या पंगतीत भटजींना त्याने त्यांच्या प्लॉटच्या दलालीची आठवण करून दिल्यापासून ते मंगलाष्टकं जरा घाईत उरकतात. घरचे त्याला चारचौघांत न्यायचं टाळतात. टाळता येत नाही, कारण तो आधीच येऊन बसलेला असतो.

सर्वांत जास्त धास्ती त्याची राजकारण्यांना. प्रभागात फ्लेक्स लागतो: ‘पक्षाचे निष्ठावंत, लोकप्रिय नगरसेवक’. फ्लेक्सखाली चहा पिणारे दहा जण ते वाचतात आणि विसरतात. हा मात्र शांतपणे विचारतो, ‘त्याच्याआधी तो कुठे होता, माहितीये?’ आणि मग मधल्या अधिकमासातला तिसऱ्याच पक्षातला प्रवेश, तिथला हार, तिथलं उपरणं, आणि ‘माझी घरवापसी’ या मथळ्याची बातमी, सगळं तारीखवार येतं. एरवी त्याला हसणारे लोक त्या दिवशी हसत नाहीत. ते इकडेतिकडे बघतात, कारण त्यांनी मत त्या तिसऱ्या उपरण्यालाही दिलेलं असतं. पैलवानाला निदान कंपनी बदलल्यावर नाव बदलावं लागतं. नगरसेवकाला तेवढीही तसदी नाही.

विसरणं आपोआप होत नाही, ही गोष्ट कुस्तीच्या धंद्यात जेवढी उघड दिसते तेवढी क्वचितच दिसते. मार्च 2001मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या चित्रफितीही आल्या. हरलेल्या कंपनीचा इतिहास जिंकलेल्याच्या कपाटात गेला. त्यातलं काय, कधी आणि कुठून कापून दाखवायचं, हे तो ठरवणार. स्टीव्ह ऑस्टिनला 1995मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने दुखापतीच्या काळात काढून टाकलं. मग तो फिलाडेल्फियात, एका बिंगो हॉलात कुस्त्या लावणाऱ्या ईसीडब्ल्यूत गेला. दंड दुखावलेला, लढती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण माइक हातात घेऊन त्याने जुन्या मालकांची जी नक्कल केली, तिच्यातच पुढचा जगप्रसिद्ध ऑस्टिन तयार झाला. काही महिन्यांचा तो मुक्काम वगळला तर पुढचं सगळं चमत्कार वाटतं. कंपन्यांना चमत्कार परवडतो, कारण त्याचं श्रेय कोणाशी वाटून घ्यावं लागत नाही.

या गृहस्थाची पुणेरी पोटजात स्वतंत्र नोंदीला पात्र आहे. तिला बालेवाडीचा अभिमान असतो, पण मेट्रोमुळे किंवा जागांच्या भावांमुळे नव्हे. डिसेंबर 2011मध्ये टीएनए या अमेरिकी कंपनीने तिथल्या क्रीडा संकुलात ‘रिंग का किंग’ची चित्रणं केली. जेफ जॅरेट आला, स्कॉट स्टायनर आला, ॲबिस आला. ब्रिटिश बुलडॉगचा मुलगा ‘बुलडॉग हार्ट’ म्हणून चावो ग्वेरेरोबरोबर जोडीत लढला. ख्रिस मास्टर्स तिथे ‘अमेरिकन ॲडोनिस’ होता. पहिला पट्टा मॅट मॉर्गनने घेतला. 28 जानेवारी 2012पासून कार्यक्रम कलर्स वाहिनीवर दिसू लागला, एप्रिलमध्ये 26 भाग संपले आणि दुसरं पर्व आलंच नाही. पुण्यातल्या थंडीत चड्डीवर लढून गेलेले हे लोक शहराने इतके झटपट विसरले, की आज बालेवाडीतल्या रिक्षावाल्याला स्टायनर म्हणजे एखादी नवी सोसायटी वाटेल.

आणि इथेच या गृहस्थाच्या बाजूने एक शब्द नाइलाजाने लिहावा लागतो. याच टीएनएने कझुचिका ओकाडा नावाच्या जपानी तरुणाला त्याआधी अमेरिकेत ‘ओकाटो’ करून, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, समोआ जो या पैलवानाचा हरकाम्या म्हणून उभं केलं होतं. कंपनी पुण्यात राजे घडवत होती तेव्हा ओकाडा गुपचूप मायदेशी परतत होता, आणि ‘रिंग का किंग’चे भाग चालू असतानाच, 12 फेब्रुवारी 2012ला ओसाकात त्याने तानाहाशीला हरवून जपानचा सर्वांत मानाचा पट्टा घेतला. ही हकीकत सांगताना गृहस्थ ओकाडाच्या विजयावर दोन वाक्यं खर्च करतो आणि काळ्या पट्टीवर वीस. पण त्या वीसमध्ये चेष्टेचं एकही नसतं. हरकाम्याचं काम ओकाडाने मन लावून केलं, असं तो पुन्हा पुन्हा बजावतो. ब्रायन लीबद्दलही तो खोटा होता असं कधी म्हणत नाही. बदलीवर होता म्हणतो. माणसाच्या फसलेल्या काळाचा इतका अदबीने हिशेब ठेवणारं दुसरं कोणी त्या सोसायटीत नसतं, हे कबूल केलं पाहिजे.

त्याचा उपयोग शोकसभेत कळतो. गेलेल्या माणसाची पदं वाचली जातात: अध्यक्ष, उपाध्यक्ष, आजीव सभासद. मग हा न बोलावता उठतो आणि सांगतो, की अप्पा दूध संघात लागण्याआधी एक पावसाळा सर्कशीच्या तंबूत तिकिटं फाडायला होते, आणि मौत का कुआँवाला आजारी पडला त्या दिवशी त्यांनी मोटारसायकल चालवायची तयारीही दाखवली होती. सूत्रसंचालक खाकरतो. मुलगे एकमेकांकडे बघतात. पुढच्या रांगेतली अप्पांची बायको मात्र दहा दिवसांत पहिल्यांदा हसते, आणि ‘अगं बाई, मला कधी बोलले नाहीत’ असं शेजारणीला म्हणते. पुढच्या आठवड्यात त्या घरून गृहस्थाला निरोप येतो: वेळ असेल तर येऊन जा, नीट सांगा. तो जातो. चहा होतो, पुन्हा चहा होतो, तो दोन तास बसतो. पहिला अर्धा तास सर्कशीचा असतो. उरलेला दीड तास ब्रायन लीचा.